पामाची पिलं

काकूंनी पाम माझ्या घरात आणून ठेवला तेव्हा 'ठेवू का' म्हणून विचारलंसुद्धा नाही. मी आत पोळ्या लाटत होते. बाहेर काहीतरी फरशीवरून घासत आणल्याचा आवाज आला म्हणून पिठाच्या हातांनीच बाहेर आले, तर खोलीच्या कोपऱ्यात पितळी घंगाळ, घंगाळात कुंडी, आणि कुंडीत माझ्या खांद्याला लागेल असा हिरवागार पाम. शेजारी आमच्या घरमालकीण काकू पदराने घाम पुसत उभ्या.

"मास्तरीणबाई, मी निघाले पुण्याला, लेकीच्या बाळंतपणाला," त्या म्हणाल्या. "मृग लागला की येते. वर गच्चीखाली नुसती भट्टी होते हो, हा जळून जाईल. तुमच्याकडे खाली गारवा आहे. तुमची शाळा तर बंदच आहे ना आता?"

"ठेवा ना काकू, त्यात काय," मी म्हणाले. हसून म्हणाले. 

त्यांनी मग पाठ म्हणून दाखवावं तशी पथ्यं सांगितली. पाणी रोज नको, माती वरून सुकली की घालायचं. थेट ऊन नको. कूलरचा वारा नको. पानं ओल्या फडक्याने पुसायची, हलक्या हाताने. घंगाळात पाणी साचू द्यायचं नाही. "मुंबईहून आणलाय, आगगाडीत मांडीवर घेऊन. लेकरासारखा वाढवलाय," असं म्हणून त्यांनी एका पानावरून हात फिरवला आणि गेल्या. रिक्षा दारात उभीच होती.

जळगावात पिंप्राळ्याच्या त्या घरात येऊन आम्हाला तेव्हा वर्ष व्हायचं होतं. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. नवरा पोस्टात, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत. दोघांची सरकारी नोकरी, खाणारी तोंडं दोनच, म्हणजे भाडेकरू म्हणून आमच्यासारखं सोन्यासारखं जोडपं शोधून सापडलं नसतं. तरी घर मिळेना. 'खोली आहे का हो?' 'आहे ना, या, बसा.' मग आडनाव. मग गाव. मग जरा घुटमळून, 'म्हणजे तुम्ही कोणाचे?' आम्ही बौद्ध, असं सांगितलं की समोरच्या माणसाला एकदम काहीतरी आठवायचं. 'अरे हो, कालच दिली बघा खोली एकांना. माझ्या लक्षातच नाही राहिलं.' इतक्या घरी इतक्या लोकांना 'कालच दिली' हे आठवलेलं मी ऐकलं की शेवटी शेवटी मी पायरीवरूनच परत फिरायला लागले.

काकूंनी तेवढा शेवटचा प्रश्न विचारला नाही. आमचं आडनाव असं की ते दोन्हीकडे चालतं. त्यांनी आडनाव ऐकलं, नोकऱ्या ऐकल्या, 'घरात मांसमच्छी शिजवायची नाही आणि भिंतींना खिळे ठोकायचे नाहीत, नवा रंग आहे,' असं बजावलं आणि किल्ली दिली. त्यांनी विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही. खोटं बोललो नव्हतो. पण गप्प बसून राहणं हे किती दमवणारं काम आहे, ते मला त्या घरात कळलं. कोणी पाहुणा येणार म्हटलं की मी आधी तो बोलतो कसा, मोठ्याने काय म्हणेल, याचा विचार करायचे. आणि आमच्याकडे लग्नात मिळालेला, काचेच्या फ्रेममधला, निळ्या कोटातला मोठा फोटो होता. तो आतल्या खोलीत कपाटावर भिंतीला टेकवून ठेवला होता. खिळे ठोकायचे नाहीत ना, म्हणून. असं मी स्वतःला सांगत होते.

आता त्यात हा पाम. तो जगला तर त्याचं कोणी नाव काढणार नव्हतं. पण मेला तर? काकू चिडतील, घर सोडा म्हणतील, पुन्हा ते पायऱ्या चढणं आलं. आणि नुसतं घर जाण्यावर थांबेल तर कसलं! त्या चौकशी करतील. कोणीतरी सांगेल. मग त्या साऱ्या गल्लीत म्हणतील, "तरीच!" घर गेलं असतं तर मी रडले असते आणि दुसरं शोधलं असतं. तो 'तरीच' मात्र मला सहन झाला नसता.

जळगावचा मे महिना ज्याने काढलाय त्याला सांगायला नको. सकाळी आठ वाजताच भिंतीला हात लावला तर चटका बसतो. मी खिडकीला पोतं बांधलं आणि ते दिवसभर ओलं करत बसले. नळाला पाणी एक दिवसाआड, तेही घटकाभर. पण आमच्या अंघोळी अर्ध्या बादलीवर आल्या आणि पोतं ओलं राहिलं. कूलर लावायचा नाही, कारण झोपायची खोली ती एकच आणि वारा पामाला लागायचा. नवरा बनियन पिळून काढायचा आणि म्हणायचा, "पाम आहे की जावई?"

"हसा," मी म्हणायचे. "घर सोडायची वेळ आली की मग हसा."

तरी पानांची टोकं तपकिरी पडायला लागलीच. आधी एक, मग त्याच्या शेजारचं. आमचं पाणीच असं जड, भांड्यावर पांढरा थर धरणारं. ते पामाला मानवेना की हवा कोरडी म्हणून, कुणाला विचारणार? विचारलं तर कळेल ना, की पाम बिघडतोय! मी शिवणाची कात्री घेऊन ती जळकी टोकं कापायचे, तीसुद्धा तिरकी, पानाच्या आकारात, म्हणजे कापल्याचं दिसू नये. चुरा कागदात बांधून शाळेच्या बाजूच्या उकिरड्यावर टाकून यायचे. आता आठवलं की हसू येतं. तेव्हा मात्र मी खुनाचा पुरावा लपवावा तशी निघायचे.

दुपारी सगळी गल्ली दारं लावून झोपायची. मी झोपायचे नाही. पडल्या पडल्या पामाकडे बघत राहायचे. एखादं पान कालपेक्षा झुकलंय असं वाटायचं. उठून मातीत बोट घालायचं. ओली वाटली तर पाणी जास्त झालं म्हणून काळजी, कोरडी वाटली तर कमी झालं म्हणून. कुंडी उचलून घंगाळात पाणी साचलंय का बघायचं. साचलं नसलं तरी पुसायचं. मला वाटतं, माझ्या आईने माझ्या आजारपणातही माझ्या कपाळाला इतक्यांदा हात लावला नसेल.

आणि त्यातच नणंदेचं लग्न आलं, धुळ्याला. सख्ख्या नणंदेचं लग्न! मी थोरली वहिनी, आधीच दोन दिवस जायला हवं, मागे राहून आवराआवर करायला हवी. पाम कुठे ठेवायचा? शेजारी द्यावा तर शेजारीण म्हणणार, काकूंनी तुमच्यावर सोपवला आणि तुम्ही माझ्यावर?

"डोक्यावर घेऊन जाऊ एसटीत," नवरा म्हणाला. "नवरीच्या बाजूला उभा करू. फोटोत चांगला दिसेल."

मी त्याच्याशी सबंध संध्याकाळ बोलले नाही. आणि रात्री जेवताना मला एकदम सुचलं. आबा!

आबा म्हणजे माझे वडील. मुक्ताईनगरजवळचं आमचं गाव. तेव्हा मुक्ताईनगरला सगळे एदलाबादच म्हणायचे. आबांचा जन्म दुसऱ्यांच्या केळीच्या बागांत गेला. कंद लावण्यापासून घड उतरवण्यापर्यंत सगळं. बागायतदार त्यांना घरी बोलवायला यायचे, इतका हात चांगला. केळीसारखं नाजूक झाड उन्हाळ्यात जगवणारा माणूस, त्याला एक कुंडी काय जड होती! मी कोपऱ्यावरच्या पानवाल्याच्या भाच्याबरोबर निरोप पाठवला, तो एदलाबादला एसटीत कंडक्टर होता. तिसऱ्या दिवशी आबा केळीची फणी काखोटीला मारून हजर.

आमच्या आबांबद्दल एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आबा चहा घेत नसत. तरणे होते तेव्हा घ्यायचे. एका बागायतदाराच्या ओट्यावर त्यांचा कप निराळा ठेवलेला असायचा, बाहेरच्या कोनाड्यात. प्यायचा, आपणच विसळायचा आणि परत कोनाड्यात ठेवायचा. एक दिवस आबांनी कप कोनाड्यातून घेतलाच नाही. "मी सोडला चहा," म्हणाले. भांडण नाही, तंटा नाही. पण मग कोणाकडेच घेतला नाही, घरीसुद्धा नाही. आम्हा भावंडांना ते एकच सांगायचे: हात जोडायचे ते विहारात. माणसाशी बोलायचं ते हात खाली सोडून, तोंडाकडे बघून.

तर आबा आले, त्यांनी पामाभोवती एक फेरी मारली, बुंध्याशी वाकून पाहिलं. म्हणाले, "काहाचं झाड शे हे?"

"पाम. शोभेचं असतं."

"फळ?"

"फळ नाही येत, आबा. नुसतं दिसायला."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी बिनदुधाची म्हैस बांधलीय दारात. मग पथ्यं मी त्यांच्याकडून घोकून घेतली. पाणी कमी, ऊन नाही, वारा नाही. "काकूंचा जीव आहे त्याच्यावर. आणि आपलं घर त्याच्यावर आहे असं समजा."

"केळीत जलम गेला माह्या," आबा म्हणाले. "तू जाय बिनघोर."

संध्याकाळी ते आत गेले होते. बाहेर येऊन सहज विचारल्यासारखं म्हणाले, "फोटो बाहेर काहून नाही लावला?"

"काकूंनी खिळे ठोकायचे नाहीत म्हणून सांगितलंय."

"बरं," आबा म्हणाले.

धुळ्यात लग्न छान झालं म्हणतात. मला त्यातलं निम्मंही आठवत नाही. पांढऱ्या साडीतली नणंद, मंडपात घोंघावणारे पंखे, पंगतीतला जिलबीचा वास. आणि मी मनाने पिंप्राळ्यात, कुंडीच्या मातीत बोट घालून बसलेली. आबांनी पोतं ओलं केलं असेल का? आबांना दुपारी झोप लागते, नळ येऊन गेला तर? सासूबाईंनी हळदीचं ताट माझ्या हातात दिलं आणि मी ते घेऊन भलत्याच खोलीत जाऊन उभी राहिले. नणंद सासरी जाताना माझ्या गळ्यात पडली आणि रडता रडता म्हणाली, "वहिनी, कोणी आजारी आहे का गं तुझ्या माहेरी? तुझं लक्षच नाही." काय सांगणार तिला?

परतीच्या एसटीत पारोळा गेलं, एरंडोल गेलं, आणि माझं मन हलकं व्हायला लागलं. आबा आहेत म्हटल्यावर काय बिघडणार, असं मी नवऱ्याला दोनदा म्हणाले. आणि घराचं दार उघडलं.

मला आधी वाटलं पाम चोरीला गेला. त्या कोपऱ्यात तो भरगच्च हिरवा पसारा दिसेचना. घंगाळ होतं, चकचकीत घासलेलं. कुंडी होती, वरची माती भुसभुशीत केलेली. आणि कुंडीच्या मधोमध एक उंच दांडा उभा, आणि त्याच्या बुडाशी एक पोरगेला कोंब. बाकी काही नाही. जावळ काढलेल्या पोरासारखा तो पाम बोडका उभा होता.

"आबा!" मी हाक मारली. "बाकीचा पाम कुठे?"

आबा मागच्या मोरीकडून हात पुसत आले. चेहऱ्यावर काम झाल्याचं समाधान.

"पिलं काढली," म्हणाले. "बुडाशी ही गर्दी झाली होती. कोनी कधी काढलीच नाही. बठ्ठी ताकद पिलं खाऊन राह्यली होती, म्हनून तं शेंडे जळत होते. आईजवळ एक पील ठेवलं. बाकी काढली."

केळीचं असंच असतं, हे मला कळायला हवं होतं. मी त्यांचीच लेक ना! केळीच्या बुंध्याशी पिलं फुटतात ती कापावीच लागतात, नाहीतर घड पोसत नाही. वर्षानुवर्षं बागेत फिरून आबांच्या हाताला ती खोडच लागली होती. पील दिसलं की विळा. पण या पामाची सगळी शोभा म्हणजेच ती पिलं, तो झुबका, हे त्यांना कोण सांगणार? मीच सांगायला हवं होतं. मी पाणी सांगितलं, वारा सांगितला, ऊन सांगितलं. कापू नका, हे काय कोणाला सांगावं लागतं का?

"आबा, अहो, हे केळ नाहीये!" मी खालीच बसले. "फळ नाही येत म्हटलं होतं ना मी तुम्हाला!"

"फळ येत नाही ते पिलांच्याच पायी, असं वाटलं मले," आबा म्हणाले.

नवऱ्याला हसू आवरेना आणि मला रडू. मी त्या दोघांवरही ओरडले. आता काकूंना काय तोंड दाखवू, लोक काय म्हणतील, आपण कोण आहोत ते कळेल, मग घर जाईल. सगळं भडाभडा ओकले. आबांना त्यातलं अर्धं नवीन होतं. काकूंना आपण कोण ते माहीत नाही, हे त्यांना माहीत नव्हतं. ते ऐकत राहिले. मग त्यांनी हळूच मागचं दार उघडलं. मोरीच्या सावलीत डालडाचे आणि रंगाचे रिकामे डबे ओळीने मांडले होते आणि एकेका डब्यात एकेक पील उभं होतं, मुळासकट काढलेलं, शेणखत घालून लावलेलं. "चांगलं पील फेकत नाही आपन," म्हणाले.

त्या डब्यांकडे बघायला माझ्यात त्राण नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून मी पाम शोधत फिरले. तस्साच मिळाला तर गुपचूप बदलून टाकू! हायवेवरच्या रोपवाटिकेत गुलाब होते, अशोक होते, आंब्याची कलमं होती. पाम म्हटल्यावर त्याने मला नारळ दाखवला. नवरा म्हणाला, पिलं परत कुंडीत खोचू, काकूंना लांबून काय कळतंय. आम्ही तेही करून पाहिलं. ती सगळी माना टाकून कुंडीच्या काठावर पडली, आणि आबा एवढेच म्हणाले, "खोटं उभं राहत नाही, बाई." पुन्हा डब्यात लावताना त्यांतली काही दगावली.

आबांना मी दोनदा म्हणाले, "तुम्ही जा आता गावाला." त्यांच्या बोलण्यावरून, त्यांच्या हातांवरून काकूंना कळेल, ही भीती होती. ती मी बोलून दाखवली नाही, पण आबा काय दूधखुळे होते? तरी ते हलले नाहीत. "माह्या हातून झालं. माह्या तोंडानं सांगीन, मंग जाईन." रोज सकाळी ते डब्यांना ओंजळीने पाणी घालायचे आणि रिक्षा वाजली की मान वर करून बघायचे. मीही बघायचे. जेवण गोड लागेना. नळाला पाणी आल्याचं मला ऐकू यायचं नाही, पण लांब वळणावर रिक्षा वळली की ती बरोबर ऐकू यायची.

आणि एक दिवस ती रिक्षा आमच्याच दारात थांबली. काकू उतरल्या, हातात पिशव्या, चेहऱ्यावर नातवाचा आनंद. मी पाटावरून उठेपर्यंत आबा दाराबाहेर गेले होते.

मी उंबऱ्यातून पाहिलं. आबा पायरीखाली उतरून उभे राहिले. डोक्यावरची टोपी काढून काखेत धरली. आणि हात जोडले. नुसते जोडले नाहीत. कपाळापर्यंत नेले, आणि मान खाली घातली.

"बाई, तुमचं झाड माह्या हातून कापल्या गेलं. पोरीचा काही गुन्हा नाही. ती घरी नव्हती. तिले काही बोलू नोका. मी अडानी मानूस."

 माझ्या आबांना मी कधी, कुणापुढे असं उभं पाहिलं नव्हतं. बागायतदारापुढे नाही, पाटलापुढे नाही, फौजदारापुढे नाही. एका कपासाठी ज्याने आयुष्यभराचा चहा टाकला तो माणूस एका कुंडीसाठी, माझ्या भाड्याच्या खोलीसाठी, मान खाली घालून उभा होता. मला तिथल्या तिथे ओरडावंसं वाटलं. ओरडले नाही. 

काकू गोंधळून गेल्या. "कोणतं झाड हो आजोबा?" मग आत डोकावल्या. कोपऱ्यातला तो बोडका दांडा पाहिला. "अगं बाई, पाम होय!" आणि हसल्या. "अहो, त्यात काय एवढं! मी तर विसरलेच होते त्याला. लेकीकडे दोन दोन ठेवलेत जावयांनी. तिकडे काय, रस्त्यावर मिळतात. आजोबा, हात काय जोडता? उन्हात उभे आहात, चहा घेऊन जा वरती."

"मी चहा घेत नाही," आबा म्हणाले.

काकू घंगाळासकट पाम वर घेऊन गेल्या. डब्यांतली पिलं दाखवली तर म्हणाल्या, "ठेवा तुम्हालाच त्या काड्या." जिना चढता चढता नातवाचं वजन किती, नाक कुणासारखं, हे सांगत होत्या.

विसरलेच होते म्हणे! मी एवढा मे महिना जळले, धुळ्याचं लग्न पाहिलं नाही, नवऱ्याशी भांडले, बापाला घालवायला निघाले. आणि त्या विसरल्या होत्या. माझा राग काकूंवर नव्हता, असं म्हणणं खोटं होईल. होता. पण त्या बिचाऱ्या वाईट काहीच बोलल्या नव्हत्या, म्हणून राग कुठे ठेवावा ते कळेना. मग तो आबांवर निघाला. स्टँडवर त्यांना सोडायला गेले तेव्हा एसटी लागलेली होती तरी मी त्यांना चढू देईना.

"हात का जोडले, आबा? आम्हाला काय शिकवलंत तुम्ही?"

आबा तसेच चढून खिडकीत बसले. पिशवी मांडीवर घेतली. म्हणाले, "तुह्यं घर वाचलं ना?"

"वाचलं."

"मंग झालं. हाताचं काय, धुतले की झालं."

गाडी निघाली. मी स्टँडवर उभी राहून रडले. लाज वाटली नाही. कोणी बघत असेल तर बघू दे म्हटलं.

घरी आले तर तो कोपरा रिकामा. फरशीवर घंगाळाचा गोल डाग. मी आत गेले, कपाटावरचा फोटो उतरवला, धूळ पुसली. हातोडी घरात नव्हती. खलातला बत्ता घेतला, नवऱ्याच्या सायकलच्या डब्यातून एक लांब खिळा काढला, आणि त्या कोपऱ्यात, काकूंच्या नव्या रंगाच्या भिंतीवर, ठोकायला लागले. पहिल्यांदा रंगाचा पोपडा उडाला. ठोकतच राहिले. नवरा पोस्टातून आला तो दारातच थांबला. "अगं, वर आवाज जातोय."

"जाऊ दे," मी म्हणाले. "तो फोटो द्या इकडे."

काकू दोन दिवसांनी नातवाचे पेढे घेऊन खाली आल्या. खुर्चीवर बसणार तोच त्यांची नजर भिंतीवर गेली. फोटोवर गेली, माझ्यावर आली, पुन्हा फोटोवर गेली.  मी हात खाली सोडून, त्यांच्या तोंडाकडे बघत उभी राहिले.

"खिळा ठोकलात?" त्या म्हणाल्या.

"ठोकला."

त्यांनी पेढ्याचा पुडा स्टुलावर ठेवला. "घाईत आहे जरा," म्हणून बसल्या नाहीत.

घर सोडा असं त्या कधीच म्हणाल्या नाहीत. आम्ही तिथे पुढे पुष्कळ वर्षं राहिलो. जिन्यात भेटल्या की 'कशी काय शाळा' विचारायच्या. खाली येऊन बसल्या मात्र नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात त्या पुन्हा पुण्याला निघाल्या तेव्हा दोघं जण त्यांचा पाम जिन्यावरून उतरवत होते. घंगाळ माझ्या दारासमोरून गेलं आणि पलीकडच्या शेजारणीच्या घरात शिरलं. आबांनी कापला म्हणून, की फोटोमुळे, हे मी त्यांना विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनाही नीट सांगता आलं असतं की नाही, कोण जाणे.

माझ्या दारात डालडाच्या डब्यांत जगलेली पिलं होती. त्यांची पानंही टोकाला जळत होती. मी ती कापली नाहीत, तशीच राहू दिली. खिडकीचं पोतं काढून टाकलं, कूलर लावला, आणि त्या उन्हाळ्यात मी रोज दुपारी झोपले.